पहिली सिगारेट, पहिला आठवडा : कष्टकरी वस्तीत धूम्रपान सोडायला मदत कशी करावी

कष्टकरी वस्तीतली माणसं सिगारेट सोडायचा प्रयत्नच करत नाहीत, असा समज घेऊन या कामाला लागू नका. ती प्रयत्न करतात, पुन्हा पुन्हा करतात. कमी पडतं ते प्रयत्न तडीला जाण्याचं प्रमाण, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. उपाशी पोटी सुरू होणारी कामाची पाळी, सिगारेटच्या निमित्तानेच मिळणारी पाच मिनिटांची विश्रांती, कोपऱ्यावर सुटी सिगारेट विकणारं दुकान आणि एका खोलीत राहणाऱ्या चौघांपैकी तिघं ओढणारे. या दिवसाला हात न लावता नुसतं ‘सोडा’ म्हटलं, तर माणूस तीन दिवस कळ काढतो आणि चौथ्या दिवशी पेटवतो.

पुढची माहिती वस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी, गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि घरातल्या कुणाला सोडायला मदत करू पाहणाऱ्यांसाठी आहे. सिगारेट असो, विडी असो की हाताने वळलेली तंबाखू, पद्धत तीच.

आधी कालचा दिवस लिहून घ्या

‘दिवसाला किती ओढता?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं येतं, आणि ते खोटं बोलायचं म्हणून नसतं. पाकीट विकत घेणाऱ्याला आकडा ठाऊक असतो. सुटी घेणारा, मित्राच्या हातातल्या सिगारेटचे दोन झुरके मारणारा, अर्धी विझवून उरलेली नंतरसाठी जपून ठेवणारा कधी मोजतच नाही. म्हणून काल विचारा. ‘काल जाग आल्यापासून काय काय केलंत?’ असं सुरू करून झोपेपर्यंत या. प्रत्येक सिगारेटसमोर चार गोष्टी टिपा: वेळ, जागा, सोबत कोण होतं आणि पेटवण्याच्या आधी काय घडलं. लिहिता-वाचता येत नसेल तर तुम्ही लिहा, किंवा दिवसाचे पाच भाग करून प्रत्येक भागात रेघा मारायला सांगा. या कामाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुढचं सगळं नियोजन याच कागदावरून होतं, त्यामुळे ही मिनिटं वाचवायला जाऊ नका.

पगाराचे दिवस आणि हात रिकामे असतानाचे दिवस वेगळे विचारा. एकाच माणसाचा आकडा पैसे असताना बारा आणि नसताना चार असू शकतो. चारच्या दिवशी तो ‘कमी ओढणारा’ झालेला नसतो. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ मिलिग्रॅम निकोटिन जातं. पण झुरके खोल घेतले, धूर जास्त वेळ छातीत धरला आणि पार बोटं भाजेपर्यंत ओढली, तर त्याच सिगारेटमधून कितीतरी जास्त काढता येतं. शरीर आपली नेहमीची मात्रा वसूल करतं. ‘लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारेटींचंही हेच. त्यांच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात, ती ओठांनी किंवा बोटांनी झाकली जातात आणि ओढणारा नकळत जास्त जोरात ओढतो.

निकोटिनची पकड किती घट्ट आहे हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. पहिला: जाग आल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटवता? ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, ६ ते ३० मिनिटांत २, ३१ ते ६० मिनिटांत १, त्यानंतर ०. दुसरा: दिवसाला किती? १० पर्यंत ०, ११ ते २० असतील तर १, २१ ते ३० असतील तर २, त्याहून जास्त असतील तर ३. बेरीज ४ किंवा जास्त आली तर औषधाशिवाय सोडायला लावणं म्हणजे त्या माणसाला एकट्याने झुंजायला पाठवणं. मात्र सुट्या आणि वाटून ओढलेल्या सिगारेटींमुळे दुसऱ्या प्रश्नाचे गुण कमी येतात, तेव्हा वजन पहिल्या प्रश्नाला द्या. रात्रपाळीवाल्याला ‘सकाळी’ विचारू नका, ‘जाग आल्यावर’ विचारा.

पहिल्या सिगारेटला एवढं महत्त्व का? धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सहा-सात तास झोपलेल्या माणसाच्या अंगात ते जवळपास संपलेलं असतं. डोळे उघडताच हात पाकिटाकडे जातो तो मेंदू थकबाकी मागत असतो म्हणून. ‘पहिल्या सिगारेटशिवाय माझा दिवस सुरूच होत नाही’ हे वाक्य त्यामुळे शब्दशः खरं मानून चाला.

सिगारेट त्याच्यासाठी काय काम करते ते शोधा

वस्तीतल्या माणसाच्या हातातली सिगारेट बऱ्याचदा एखादी गरज भागवत असते. ती गरज दुसऱ्या कशाने भागवायची हे ठरवल्याशिवाय तारीख ठरवू नका. कागदावरच्या प्रत्येक सिगारेटसमोर हा प्रश्न विचारा: ही नसती तर काय अडलं असतं?

भूक हे सगळ्यात दुर्लक्षित उत्तर. निकोटिन भूक मारतं. एक वेळचं जेवण लांबवायला किंवा टाळायला सिगारेट वापरणारी माणसं खूप आहेत, पण तसं कबूल करायला संकोच वाटतो. पहिली सिगारेट आणि दिवसाचं पहिलं खाणं यांत किती तास जातात ते पाहा. चार-पाच तास जात असतील तर सोडल्यावर भूक अंगावर येणार, चिडचिड होणार, आणि त्याला वाटणार की ही तलफच आहे. भूक आणि तलफ पहिल्या आठवड्यात सारखीच वाटतात. उपाय साधा आहे, पण आधी ठरवून ठेवावा लागतो. कामाला निघण्यापूर्वी थोडं तरी पोटात जाईल आणि मधल्या वेळेसाठी खिशात काही खायचं असेल अशी सोय करा. पैसे संपत आलेल्या आठवड्यात तारीख घेऊ नका.

दुसरं काम विश्रांतीचं. अनेक कामांच्या ठिकाणी ‘जरा सिगारेट ओढून येतो’ एवढं म्हटलं तरच काम थांबवता येतं. नुसतं बसलं तर मुकादम ओरडतो. सिगारेट सोडली की ही विश्रांती जाते, आणि माणूस विश्रांतीसाठी पुन्हा सिगारेटकडे येतो. त्या वेळा हातच्या जाऊ देऊ नका. तीच पाच मिनिटं घ्यायची, पण दुसऱ्या जागी: पाण्याच्या नळापाशी, तोंड धुवायला, घरी फोन करायला. मुकादमाशी आधी बोलता आलं तर उत्तम. त्यासाठी भाषण नको. ‘हा सिगारेट सोडतोय, दोन आठवडे याला मधेच पाच मिनिटं बाजूला जाऊ द्या, पूर्वीपेक्षा जास्त वेळ जाणार नाही’ एवढं पुरतं.

जागरणासाठी ओढणारा, सोबतीसाठी ओढणारा आणि राग गिळण्यासाठी ओढणारा, या तिघांसाठी वेगळ्या तोडी लागतात. सोबतीसाठी ओढणाऱ्याला गट सोडायला सांगू नका. वस्तीत तोच त्याचा आधार असतो, अडीनडीला तीच माणसं धावतात. पहिले दोन आठवडे भेटायची जागा बदला, किंवा गटातल्या एकाला सांगून ठेवा की याने मागितली तरी द्यायची नाही.

काय बोलायचं, किती बोलायचं

एका भेटीत तीन मिनिटं बोललात तरी काम होतं. ओढता का हे विचारायचं, सोडणं ही तब्येतीसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट आहे हे स्पष्ट सांगायचं आणि मदत पुढे करायची. ‘तुम्ही तयार आहात का?’ असं विचारून नकार आल्यावर मागे फिरण्यापेक्षा ‘सोडायचं ठरवलंत तर औषध आणि सोबत दोन्ही देऊ, पुढच्या आठवड्यात बसूया का?’ असं विचारा. तयार नाही म्हणणाऱ्यांतलेही काही जण या प्रश्नाला हो म्हणतात.

कुजलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवून सुरुवात करू नका. धोका त्याला माहीत असतो. माहीत नसतो तो फायदा, आणि तोही त्याच्या वयात. ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्याला ठोस सांगता येतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तिशीत सोडणाऱ्याची जवळपास १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. ‘तुमचं वय बावन्न ना? सहा वर्षं’ असं म्हटलं की माणूस थांबून ऐकतो.

ताण जातो म्हणून ओढतो, हे जवळजवळ प्रत्येक जण सांगेल. वाद घालू नका, समजावून सांगा. शेवटच्या सिगारेटनंतर दोन-तीन तासांत निकोटिन उतरतं आणि अस्वस्थता सुरू होते. पुढची सिगारेट तीच अस्वस्थता शमवते. घरभाडं, कर्ज, आजारपण यांचा ताण होता तिथेच राहतो. सोडून काही आठवडे काढलेल्यांमध्ये चिंता आणि उदासी वाढलेली नव्हे, कमी झालेली आढळते. पण पहिले दोन-तीन आठवडे मन खरोखर खाली जातं. ते लपवून ठेवलं तर तुमच्यावरचा विश्वास उडेल.

तारीख

दोन आठवड्यांच्या आतली तारीख घ्या. त्यापुढची तारीख विरते. पगाराचा दिवस, पाळी बदलण्याचा दिवस आणि दारू पिण्याचा नेहमीचा दिवस टाळा.

हळूहळू कमी करू की एकदम सोडू? शक्यतो एकदम. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही गटांना औषध आणि आधार सारखाच दिला होता. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के टिकून होते. कमी करत जाताना उरलेली प्रत्येक सिगारेट अधिकच मोलाची होत जाते, हे वस्तीत सुट्या सिगारेटवर जगणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तरीही एखाद्याला एकदम नकोच असेल तर त्याच्या पद्धतीने जाऊ द्या, फक्त शेवटची तारीख पक्की करा.

आदल्या दिवशी करायची कामं: घरातली, कपड्यांच्या खिशातली, कामाच्या पिशवीतली आणि कुठे कुठे खोचून ठेवलेली थोटकंसुद्धा काढून ओली करून टाका. कोरडी टाकली तर रात्री बारा वाजता ती शोधली जातात. लायटर आणि काडेपेटी चुलीपुरती घरच्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या. दुकानात उधारी असेल तर ती शक्य असल्यास चुकती करा, निदान दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवा. उधारी फेडायला गेलेला माणूस हातात सिगारेट घेऊन परततो, ही नेहमीची वाट आहे. दुकानदाराला सांगून ठेवण्यात कमीपणा नाही. बरेच दुकानदार साथ देतात.

औषध: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनची च्युइंगम आणि पॅच (त्वचेवर चिकटवायचा औषधी तुकडा) २००९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. २०२४ च्या मार्गदर्शनात संघटनेने निकोटिनची ही औषधं, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन आणि सिटिसिन यांची शिफारस केली आहे. तरी वस्तीत ‘औषध घेतलं, काही फरक पडला नाही’ हे वाक्य सतत ऐकू येतं. विचारपूस केली की बहुतेक वेळा दोन कारणं निघतात: पुरेसं मिळालं नाही, किंवा वापरायचं कसं हे कुणी दाखवलं नाही.

च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅमची मिळते. जागं झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट पेटवणाऱ्याला ४ ची, बाकीच्यांना २ ची. ती नेहमीच्या च्युइंगमसारखी सतत चघळायची नसते. सावकाश चावायची, तोंडात तिखट झिणझिण आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची. झिणझिण गेली की पुन्हा थोडी चावायची, जागा बदलून पुन्हा दाबायची. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चघळून लाळ गिळली तर ते पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, छातीत जळजळतं आणि तलफ तशीच राहते. चघळण्याच्या १५ मिनिटं आधीपासून कॉफी, फळांचा रस किंवा सोड्याचं पेय घेऊ नये. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. च्युइंगमची पहिली गोळी तुमच्यासमोर अशी चावायला लावा. दहा मिनिटांच्या या प्रात्यक्षिकाने जे साधतं ते कुठल्याही पत्रकाने साधत नाही.

आता मात्रा. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान ९. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. हिशेब मांडा: ४२ दिवस रोज ९ म्हणजे ३७८, पुढचे २१ दिवस रोज ५ धरल्या तर १०५, शेवटचे २१ दिवस रोज ३ म्हणजे ६३. एका माणसामागे साडेपाचशेच्या आसपास. शिबिरात दहा गोळ्यांची एक पट्टी हातावर ठेवून निरोप दिला, तर एका दिवसाचं औषध दिलं आणि ‘औषधाने होत नाही’ ही समजूत जन्मभराची दिली. शंभर माणसांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा आहे त्या साठ्यात जितक्यांचा पूर्ण कोर्स होईल तितक्यांनाच घ्या.

पॅच लावायला सोपा. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा ६ आठवडे, मग १४ चा २ आठवडे, मग ७ चा २ आठवडे. १० किंवा कमी ओढणाऱ्याला १४ पासून सुरुवात. जागं झाल्यावर कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावून दहा सेकंद तळव्याने दाबायचा, दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. अंगमेहनतीच्या कामात घामाने तो निघतो, म्हणून कामावर जाण्याच्या बऱ्याच आधी, अंग कोरडं असताना, दंडाच्या वरच्या बाजूला लावा. भयंकर स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढायचा. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका. त्यात उरलेलं निकोटिन लहान मुलाला विषारी ठरू शकतं, आणि एका खोलीच्या घरात मूल नेहमी जवळच असतं.

पॅच दिवसभराचा पाया धरतो, अचानक उसळणारी तलफ च्युइंगम सांभाळते. दोन्ही एकत्र वापरणं एकट्यापेक्षा जास्त परिणामकारक आहे, आणि पकड घट्ट असलेल्यांना तेच द्यावं.

बाकीची तीन औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन सोडण्याच्या तारखेआधी एक-दोन आठवडे सुरू करायची असतात. फिट येणाऱ्याला ब्युप्रोपियॉन चालत नाही. सिटिसिन पूर्व युरोपात १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ते २५ दिवसांचं असतं: १.५ मिलिग्रॅमच्या रोज ६ गोळ्यांपासून सुरुवात करून कमी करत जायचं आणि पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद. कोर्स छोटा असल्याने ज्यांना पुन्हा पुन्हा दवाखान्यात जायला रजा मिळत नाही त्यांना तो पेलतो.

दुसरी औषधं चालू आहेत का हे विचारायला विसरू नका. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृताला औषधं लवकर जाळायला लावतात. धूर थांबला की क्लोझापिन, ओलांझापिन (मानसिक आजारावरची औषधं) आणि थिओफायलिन (दम्यावरचं) यांचं रक्तातलं प्रमाण तीच गोळी घेऊनही वाढतं. इन्सुलिनची मात्राही तपासावी लागते. अशा माणसाने तारीख ठरवताना डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. कॉफीतल्या कॅफिनचं तसंच होतं: सोडल्यावर ते शरीरात जास्त वेळ टिकतं, छातीत धडधडतं, झोप उडते आणि दोष तलफेवर जातो. चहा-कॉफी निम्म्यावर आणा. गरोदर बाईने आधी औषधाविना प्रयत्न करावा, जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनची औषधं घ्यावीत. सिगारेट चालू ठेवण्यापेक्षा ते बरं.

पहिले सात दिवस

त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला पोहोचतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. परत ओढायला लागणाऱ्यांतले बहुतेक पहिल्याच आठवड्यात लागतात. म्हणून तुमचा वेळ इथे खर्च करा. आदल्या संध्याकाळी एक भेट, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. पुढे महिनाभर आठवड्यातून एकदा. भेट जमली नाही तर फोन. भेटीची वेळ पाळी सुटल्यावरची ठेवा; दवाखान्याच्या वेळेत या म्हटलं तर त्याची दिवसाची मजुरी जाते आणि तुमचा गट तिसऱ्या बैठकीला रिकामा होतो.

एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, लाटेसारखी वर चढते आणि उतरते. तेवढा वेळ जागा सोडायची, पाणी घोटाघोटाने प्यायचं, हाताला काम द्यायचं, च्युइंगम गालात ठेवायची. ‘आज दिवसभर ओढणार नाही’ यापेक्षा ‘ही पाच मिनिटं’ पेलवतात. दारू या महिन्यात टाळता आली तर टाळा. पेल्यासोबत सिगारेट परत आलेली फार दिसते.

पहिल्या आठवड्यानंतर काही अनपेक्षित गोष्टी होतात, त्या आधीच सांगून ठेवा. खोकला वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले धुराने बधिर झालेले सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागतात आणि कफ वर ढकलतात. तोंडात फोड येतात, शौचाला कडक होतं. ‘ओढत होतो तेव्हा बरा होतो, सोडली आणि आजारी पडलो’ असं म्हणत माणूस परत पेटवतो, आणि शेजारीही त्याला दुजोरा देतात. मात्र खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्या. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो, दाट वस्तीत तो पसरतो आणि ‘सिगारेटचा खोकला’ या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहतो. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढू शकतं. ज्याचं मुळात कमी आहे त्याच्यासाठी ही चांगली बातमी म्हणूनच सांगा.

आणि चघळायच्या तंबाखूकडे लक्ष ठेवा. ‘धूर तर सोडला’ म्हणून ती तोंडात धरली जाते. निकोटिनची पकड तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका येतो. भेटीत ‘सिगारेट ओढली का?’ इतकंच विचारलंत तर हे कधीच कळणार नाही.

एखादी ओढली गेलीच तर? उरलेली विझवायची, पाकीट टाकून द्यायचं, पॅच काढायचा नाही, च्युइंगम चालू ठेवायची आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं. घात एका सिगारेटपेक्षा ‘आता गेलंच सगळं’ या विचाराने जास्त होतो. हे कळवणं सोपं जावं म्हणून आदल्या संध्याकाळीच सांगा की असं झालं तर मी रागावणार नाही, आणि खरंच रागावू नका.

एका खोलीचं घर

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी. खिडकी उघडून, पंखा लावून किंवा दारात उभं राहून ओढली तरी धूर घरात येतो. जी सोडायला तयार नाहीत त्यांच्याशीही एवढं ठरवून घ्या: छपराखाली कुणीच ओढायची नाही, पाहुण्यानेसुद्धा नाही. हा नियम घरातल्या बाईवर लादून पाळला जात नाही. घरातल्या ओढणाऱ्यांनी तो स्वतः मोठ्याने म्हणायला हवा. मुलं धुरापासून वाचतात ते आहेच, पण सोडणाऱ्यालाही मोठा आधार मिळतो, कारण झोपायच्या जागी वास, राखदाणी आणि पेटलेलं टोक दिसत नाही.

बायका स्वतः ओढत असतील तर बहुतेकदा लपवून, आणि पुरुषांच्या गटात त्या येणार नाहीत. त्यांना वेगळं, बंद दाराआड विचारा आणि गटाच्या नावात सिगारेट हा शब्द नको.

मोजायचं कसं

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र उपलब्ध असेल तर पंधरा सेकंद श्वास रोखून सावकाश फुंकायला सांगा. साधारण १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) खालचा आकडा न ओढणाऱ्याचा धरतात. हा वायू काही तासांतच शरीरातून उतरतो, त्यामुळे चाचणी आज-कालचंच सांगते. गेल्या आठवड्याचं नाही. लाकूड किंवा कोळशाच्या चुलीजवळ बसणाऱ्याचा आकडा सिगारेट न ओढताही चढू शकतो. खोटं बोलतोय असं ठरवण्यापूर्वी चूल विचारा. कोटिनिनची (शरीरात निकोटिनपासून तयार होणाऱ्या पदार्थाची) चाचणी च्युइंगम आणि पॅच वापरणाऱ्याला उपयोगाची नाही, ती पॉझिटिव्हच येणार. सोडल्यानंतर दोन दिवसांतच उतरलेला आकडा माणसाला दाखवा. महिनाभराच्या उपदेशाने येत नाही तो हुरूप त्याने येतो.

मोबाइलवरच्या संदेशांचा आधार घ्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सोडायला मदत करणारे संदेश मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी १०.७ टक्के तपासणीअंती सोडलेले निघाले, सोडण्याशी संबंध नसलेले संदेश मिळालेल्या गटात ४.९ टक्के. संदेश लहान ठेवा आणि त्याच्या कागदावरच्या वेळांना पाठवा: पहिल्या सिगारेटची वेळ, जेवणानंतरची वेळ, पाळी सुटण्याची वेळ. वाचता येत नसेल तर आवाजी संदेश चालतो.

तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा भेटा. बरेच जण तोवर परत ओढू लागलेले असतील. मदतीशिवाय सोडणाऱ्यांत वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात, तेव्हा यात नवल काही नाही. त्यांच्यासोबत जुना कागद काढून बसा. कितव्या दिवशी, कुठे, कुणासोबत पेटवली? त्या दिवशी जेवण झालं होतं का, औषध उरलं होतं का? उत्तर त्याच कागदावर लाल रेघेने लिहा आणि पुढची तारीख घ्या, दोन आठवड्यांच्या आतली.